बिडाचा तवा आणि वॉटसनचं हॉटेल

बिडाचा तवा तासभर तापला तरी वाकत नाही. फरशीवर पडला, तर मात्र तुकडे होतात. मुंबईत काळा घोड्याला सत्र न्यायालयाशेजारच्या एस्प्लनेड मॅन्शनसमोर, म्हणजे पूर्वीच्या वॉटसनच्या हॉटेलसमोर, उभं राहिलं की मला हा तवा आठवतो, कारण त्या इमारतीचे खांब त्याच जातीचे आहेत.

लोखंडात दोन ते चार टक्के कार्बन असला की ते शुद्ध लोखंडाच्या १५३८ ऐवजी साधारण ११५० ते १२०० अंश सेल्सिअसलाच वितळतं आणि वाळूच्या साच्यात ओतून हवा तो नक्षीदार खांब काढता येतो. हेच बीड. थंड होताना त्यातला बराचसा कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो. प्रत्येक पापुद्रा म्हणजे जणू आतली बारीक चीर: दाबलं तर मिटते, ताणलं तर फाकते. तुळईवर भार आला की तिची खालची बाजू ताणली जाते. म्हणून त्या काळचे इंजिनिअर खांब बिडाचे करत आणि तुळया ताण सोसणाऱ्या घडीव लोखंडाच्या.

कापडाचे व्यापारी जॉन वॉटसन यांच्यासाठी इंजिनिअर रोलँड मेसन ऑर्डिश यांनी या इमारतीचा लोखंडी सांगाडा आखला. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या प्रचंड छपरातही त्यांचा हात होता. सुटे भाग इंग्लंडमध्ये बनवले गेले, जहाजाने मुंबईत आले आणि १८६७ ते १८६९ मध्ये इथे जोडले गेले. सुएझ कालवा खुला झाला नोव्हेंबर १८६९ मध्ये, म्हणजे एवढं वजन आफ्रिकेला वळसा घालूनच आलं असणार! भार सांगाड्यावर, विटांची भिंत नुसता आडोसा: आजच्या टॉवरांचं हेच तत्त्व मुंबईने तेव्हाच पाहिलं.

हॉटेल झोकात चाललं. ७ जुलै १८९६ रोजी फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा इथेच दाखवली गेली. त्याच वर्षी अमेरिकी लेखक मार्क ट्वेनही इथे उतरले होते. इतरत्र जुने वाडे हॉटेलं होतात, इथे उलटं झालं. हॉटेल बंद पडलं, खोल्यांच्या आणखी खोल्या झाल्या आणि वकिलांची ऑफिसं थाटली गेली.

गंजाला मुंबईइतकं सोयीचं गाव विरळा. समुद्रावरून येणारं मीठ लोखंडावर बसतं, आणि आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून घेतं. पाऊस नसतानाही धातूवर खारट ओलावा राहतो. त्यातले क्लोराइडचे कण गंजाला थांबूच देत नाहीत. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, आणि सांध्यात, बोल्टभोवती, विटांआड ती जागा नसते. मग तो आतून पाचर ठोकल्यासारखा विटा ढकलतो, सांधे उसवतो. बीड खाऱ्या ओलीत याहून लबाडीने सडतं: लोखंड निघून जातं, ग्रॅफाइटचा सापळा उरतो. आकार तसाच, पण सुरीने खरवडता येईल इतका मऊ. रंगाचा एक हात मारला की बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि आपल्याकडे डागडुजी म्हणजे बहुतेकदा तो हातच.

२००५ च्या पावसाळ्यात सज्जाचा भाग कोसळला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने इमारत रिकामी झाली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडायला सांगितलं, वारसा जपणाऱ्यांना ते पटलं नाही. मला विचाराल तर आधी एकेक सांधा उघडून बघावा.

१८६७ साली या जागेचा भाडेकरार झाला तो ९९९ वर्षांचा. तो संपणार २८६६ मध्ये.