व्हीएफडी नळीतील असमान उजेड

व्हॅक्यूम फ्लुरोसंट डिस्प्ले, म्हणजेच व्हीएफडी, या निर्वात काचनळीतले अंक कुठे ठळक तर कुठे फिके दिसण्याचा दोष. जपानमध्ये १९६७ साली तयार झालेला हा निळसर हिरवा डिस्प्ले पुढे कॅल्क्युलेटर, व्हीसीआर, म्युझिक सिस्टीम आणि मायक्रोवेव्हमधून घरोघरी पोचला. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात असा जुना सेट दुरुस्तीला आला, तर त्याच मापाची नळी मिळणे कठीण असते. म्हणून नळीला दोष देण्याआधी तिचा वीजपुरवठा तपासावा.

नळीत पुढच्या बाजूला टंगस्टनच्या केसाएवढ्या बारीक तारा ताणलेल्या असतात. त्यांवर बेरियम, स्ट्राँशियम आणि कॅल्शियमच्या ऑक्साइडचा लेप असतो. साधारण ६५० अंश सेल्सिअसला तापलेल्या या फिलामेंटमधून इलेक्ट्रॉन सुटतात, जाळीदार ग्रिड ओलांडून फॉस्फर (इलेक्ट्रॉन आदळल्यावर चमकणारा पदार्थ) लावलेल्या सेगमेंटवर, म्हणजे अंकाच्या एकेका तुकड्यावर आदळतात आणि सेगमेंट उजळतो.

उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कमी होत गेला, तर बहुधा फिलामेंटला डीसी मिळत असतो. तारेच्या ऋण टोकापाशी तार आणि सेगमेंट यांच्यातले विभवांतर, म्हणजे व्होल्टेजमधला फरक, जास्त पडते, म्हणून तिकडचे अंक ठळक दिसतात. फिलामेंटची दोन टोके अदलाबदल करून पाहावीत. ठळक बाजूही बदलली, तर निदान पक्के. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपसह एसी देणे हा यावरचा जुना आणि खात्रीचा इलाज. मधला भाग ठीक आणि दोन्ही कडा फिक्या असतील, तर फिलामेंटचे व्होल्टेज कमी पडते. आधाराजवळ तार आधीच थंड असते. अंधारात तारा लालभडक दिसल्या, तर उलट व्होल्टेज जास्त आहे. पुरवठा स्पंदांचा असेल, तर ट्रू आरएमएस मीटरच (स्पंदांचे खरे प्रभावी मूल्य दाखवणारा) वापरावा, साधा मीटर फसवतो.

एकच अंक फिका असेल, तर त्याच्या ग्रिडचा ड्रायव्हर (त्याला व्होल्टेज देणारे सर्किट) किंवा सैल सोल्डर तपासावा. मल्टिप्लेक्स केलेल्या, म्हणजे अंक झपाट्याने आळीपाळीने उजळणाऱ्या नळीत सगळ्याच अंकांचा एकच सेगमेंट मंद असेल, तर सेगमेंटचा ड्रायव्हर संशयित. सबंध डिस्प्लेच मंदावला असेल, तर आधी पुरवठ्याचे कपॅसिटर पाहावेत. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि तापमान १० अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते.

एखाद्याच अंकाचे ठरावीक भाग मंद असतील, तर ती फॉस्फरची झीज. जास्त वेळ उजळणारे सेगमेंट आधी मंदावतात; बारा तासांच्या घड्याळात तासांच्या दहाच्या घरातल्या १चे दोन सेगमेंट कमी वेळ उजळतात, म्हणून ते उलट ठळक राहतात. झिजलेला फॉस्फर परत उजळत नाही. फिलामेंटचे व्होल्टेज वाढवून तो सुधारण्याचा खटाटोप केला, तर ऑक्साइडचा लेप उडून उरलेले अंकही हातचे जातात. काचेवरचा चंदेरी गेटर (नळीतली उरलीसुरली हवा शोषणारा थर) दुधाळ पांढरा झाला असेल, तर नळीत हवा शिरली आहे आणि पुढचे सगळे प्रयत्न वाया.