रिसीव्हरच्या पाठीवरचे तीन स्क्रू

निपाणी-खानापूरकडच्या केबलच्या कंट्रोल रूममध्ये पूर्वी अलार्म म्हणजे लोकांचा फोन. मराठी मालिका ऐन रंगात असताना पडदा काळा झाला, की फोन खणाणलाच. कन्नड वाहिनी गेली तरी तीच गत. डिशवरून वाहिनी उतरवून घेणाऱ्या रिसीव्हरच्या पाठीवर अलार्मची सोय असे. तिला तार मात्र क्वचितच कोणी जोडे.

ही सोय रिसीव्हरपेक्षा खूप जुनी. रिले, म्हणजे विजेनं हलणारा स्विच, हे तारयंत्राच्या जमान्यातलं अपत्य, आणि बोस्टन शहरानं १८५२ मध्येच तारांवरून आगीची वर्दी द्यायला सुरुवात केली. रिसीव्हरवरच्या रिलेला तीन टोकं, म्हणजे पाठीवरचे तीन स्क्रू: कॉमन, नॉर्मली ओपन, नॉर्मली क्लोज्ड. इथलं ‘नॉर्मली’ भल्याभल्यांना चकवतं. ते ‘सगळं ठीक चाललंय’ अशा अर्थाचं नाही. रिलेला वीज नसतानाची स्थिती ते सांगतं. बऱ्याच यंत्रांत सिग्नल ठीक असेपर्यंत रिलेला वीज मिळते आणि तो ओढलेला राहतो. सिग्नल गेला किंवा यंत्राची वीजच गेली, की तो सुटतो आणि कॉमन-क्लोज्डची जोडणी पूर्ण होते. त्यावर बॅटरीचा बझर लावला, की मेलेलं यंत्रसुद्धा ओरडतं. काही यंत्रांत हे उलटं असतं, म्हणून आधी मॅन्युअल बघावं.

डेटाचं पोर्ट नंतरचं. यंत्रांनी तारेवरून डेटा पाठवायचं आरएस-२३२ मानक १९६० चं, त्याची गाजलेली ‘सी’ आवृत्ती १९६९ ची. तेव्हा २५ पिनांचा कनेक्टर चाले. ९ पिनांचा रुळला तो १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीपासून. बिघाड नेमका कोणता, सिग्नल किती पडला, हे या तारेवरून कळू लागलं. घोळ नेहमीचा: एकाची पाठवायची पिन दुसऱ्याच्या पाठवायच्याच पिनेला जोडायची आणि ‘पोर्ट गेलंय’ म्हणून मोकळं व्हायचं.

१९८८ मध्ये नेटवर्कवरून यंत्रांवर नजर ठेवायची एसएनएमपी ही पद्धत आली, पुढे इथरनेट पोर्टही. केबलच्या डिजिटायझेशनसाठी आधीच्या टप्प्यांतली मोठी शहरं सोडून उरलेल्या शहरांना ३१ डिसेंबर २०१५ आणि ग्रामीण भागाला ३१ मार्च २०१७ ही मुदत होती. त्यानंतर बऱ्याच छोट्या ऑपरेटरांकडे फायबरवरून तयार फीड येऊ लागला आणि रिसीव्हरचे रॅक मोठ्या शहरांत गेले. तिथे नजर ठेवणारा संगणक असतो. पण एसएनएमपीचा साधा ट्रॅप, म्हणजे यंत्रानं आपणहून धाडलेली वर्दी, यूडीपी या नेटवर्कच्या साध्या पद्धतीनं जातो, पोच मागत नाही; वाटेत हरवला तर कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून संगणकानं दर थोड्या वेळानं स्वतःच विचारपूस करायची असते. शिवाय वीज गेलेलं यंत्र ट्रॅप पाठवणार कुठून?

म्हणून मी आजही बझरची तार आधी ओढतो. १२ व्होल्टची, घरच्या २३० व्होल्टचा भोंगा त्या नाजूक टोकांवर थेट लावू नये.