बंदूक दुकानांची सुरक्षा

बंदुका, पिस्तुले व काडतुसे विकणाऱ्या दुकानांतून माल चोरीला जाऊ नये म्हणून केलेली बांधकामाची, यंत्रणेची आणि नोंदींची व्यवस्था. सराफाच्या दुकानातून गेलेले दागिने वितळवले जातात. बंदूक मात्र चोरीनंतर बहुधा पुढच्या गुन्ह्यात वापरण्यासाठीच फिरत राहते. त्यामुळे येथे नुकसान एकट्या दुकानदाराचे नसते.

रात्रीच्या घरफोडीची रीत बरीचशी ठरलेली असते. चोरीची गाडी दर्शनी भिंतीवर किंवा दारावर घालायची, हातोड्याने शोकेसच्या काचा फोडायच्या, हाताला लागतील ती पिस्तुले पिशवीत कोंबायची आणि पोलीस पोचण्याआधी पसार व्हायचे. सारे काही मिनिटांत उरकते. कोणतेही कुलूप कायमचे अडवत नाही, ते फक्त वेळ खाते. म्हणून अडथळे एकामागे एक रचावे लागतात. गाडी थोपवायला दारासमोर काँक्रीट भरलेले पोलादी खांब जमिनीत खोल रोवतात. त्यामागे शटर, काचेच्या आतून ग्रिल आणि मजबूत चौकटीचे दार असते. छप्पर व शेजारच्या गाळ्याची सामाईक भिंत यांकडे मात्र अनेकदा दुर्लक्ष होते. दाराला चार कुलपे आणि मागची भिंत नुसत्या जिप्सम बोर्डाची, असा प्रकार दुर्मीळ नाही.

सर्वांत परिणामकारक उपाय साधा, पण कंटाळवाणा आहे: दुकान बंद करताना शोकेसमधील शस्त्रे काढून तिजोरीत किंवा पोलादी खोलीत ठेवणे. रिकामी शोकेस बाहेरून दिसली की काच फोडण्यात अर्थ उरत नाही. रोज शेकडो नग हलवणे जमत नसेल, तर निदान पिस्तुले तरी आत जावीत, कारण ती लपवायला सोपी. भिंतीवरच्या रायफलींच्या ट्रिगर गार्डमधून, म्हणजे चापाभोवतीच्या कडीतून, पोलादी सळई किंवा केबल ओवून कुलूप लावतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अशा सळईची किंवा केबलची किमान जाडी १/८ इंच सांगितली आहे. अलार्मची तार चोर आधी कापतात, म्हणून अलार्मला मोबाइल जोडणी आणि बॅटरी लागते. कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग दुकानातच ठेवले, तर चोर तेही उचलून नेऊ शकतो.

दिवसाची चोरी वेगळी. गिऱ्हाइकासमोर एका वेळी एकच शस्त्र ठेवावे, शोकेस लगेच बंद करावी, असा नियम चांगली दुकाने पाळतात. नोकराच्या हातून होणारी चोरी कॅमेऱ्यापेक्षा साठ्याच्या मोजणीत लवकर पकडली जाते. अनुक्रमांक नोंदवहीशी ताडून पाहिले नाहीत, तर एखादे पिस्तूल कधी गेले हेच कळत नाही.

अमेरिकेत चोरी किंवा गहाळ झालेल्या शस्त्राची खबर परवानाधारक विक्रेत्याने ४८ तासांत एटीएफ या शस्त्रविक्रीवर देखरेख ठेवणाऱ्या संघराज्य संस्थेला आणि स्थानिक पोलिसांना द्यावी लागते. दुकानात शस्त्रे कशी ठेवावीत, यावर मात्र संघराज्याचा कायदा जवळजवळ गप्प आहे; कॅलिफोर्निया, इलिनॉय यांसारख्या काही राज्यांनी स्वतःचे नियम केले. त्याहून चमत्कारिक म्हणजे, विक्रेत्यांना साठ्याची प्रत्यक्ष मोजणी सक्तीची करण्यास एटीएफला २००४ पासून खर्चविधेयकांतील अटींनी मनाई आहे. त्यामुळे ही संस्था मोजणीची केवळ शिफारस करते. २०१८ मध्ये तिने बंदूक उद्योगाच्या संघटनेबरोबर ‘ऑपरेशन सिक्युअर स्टोअर’ हा मार्गदर्शनाचा उपक्रम सुरू केला. परवानाधारक विक्रेत्याच्या साठ्यातून शस्त्र चोरणे हा तेथे स्वतंत्र संघराज्य गुन्हा असून त्यास १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.