युक्का (खानदेशातील घरगुती लागवड)

युक्का : शतावरीच्या कुलातील (ॲस्परॅगेसी) सदाहरित वनस्पती. पाने लांब, ताठ, तलवारीच्या पात्यासारखी. जाती सुमारे ४० ते ५०. मूळ ठिकाण उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे यांतील उष्ण, कोरडा टापू. घायपात ही तिची जवळची नातलग. त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडे बांधावर आणि रेल्वेच्या कडेने घायपात पाहत वाढलेल्या माणसाला युक्का परकी वाटत नाही. मात्र घायपात आयुष्यात एकदाच उंच दांडा काढते, फुलते आणि मरते. युक्का वयात आली की पुन्हा पुन्हा फुलू शकते.

नावात एक जुना घोटाळा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये हे प्रजातिनाम वापरले, ते मुळात कॅरिबियन बेटांवरचे कसावाचे नाव. कसावा म्हणजे आपला शाबुकंद, ज्याच्या पिष्टापासून उपासाचा साबुदाणा होतो. युक्काचा त्याच्याशी काही संबंध नाही. नावावर जाऊन तिचे मूळ कोणी खाण्यासाठी शिजवू नये. तिच्या अंगात सॅपोनिने असतात. ती पाण्यात फेस करतात, म्हणून अमेरिकेतील मूळ रहिवासी काही जातींची मुळे कुटून साबणासारखी वापरत. घरात मांजर किंवा कुत्रे असेल तर पाने त्यांच्या तोंडी लागू देऊ नयेत, उलट्या होतात.

कुंडीत बहुधा दिसते ती युक्का गिगॅन्टिया, जुन्या नावाने एलिफँटिपेस. मोकळ्या जमिनीत तिचा बुंधा हत्तीच्या पायासारखा फुगतो आणि झाड ८ ते १० मीटरपर्यंत जाते. पानाच्या टोकाला बोचरा काटा नसतो. एल साल्वाडोरचे हे राष्ट्रीय फूल असून तिथे त्याच्या पाकळ्यांची भाजी करतात. दुसरी, युक्का ॲलोइफोलिया, हिच्या पानाचे टोक दाभणासारखे असते. ओट्यावर जिथे लेकरे खेळतात तिथे ती अजिबात ठेवू नये. वाढत्या झाडाची टोके नेमकी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो, तरी युक्का तग धरते. पाने जाड, त्यांवर मेणचट थर आणि खोडात पाण्याचा साठा. ॲलोइफोलिया तर पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मुख्यतः रात्री उघडते, त्यामुळे दिवसाच्या झळांत पाणी फारसे उडत नाही. खानदेशात घरची युक्का जाते ती बहुतेक वेळा पाण्याच्या मायेने. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात माणसाचा हात पाण्याला सवयीने सैल असतो. केळीला उन्हाळ्यात रोज ठिबक लागते आणि तीच सवय संध्याकाळी अंगणातल्या कुंडीकडे वळते.

त्यात भर पडते काळ्या मातीची. कपाशी आणि केळी पिकवणाऱ्या या मातीचा इथे सार्थ अभिमान आहे, पण ती तशीच कुंडीत भरणे ही या झाडाच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक. तिच्यातली बारीक चिकणमाती ओली झाली की फुगते आणि हवेच्या वाटा बंद करते. मुळे गुदमरतात, मग बुरशी शिरते. सुकली की ती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. नंतर घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली वाहते आणि मधला गोळा कोरडा राहतो. एकच झाड पावसाळ्यात कुजते आणि उन्हाळ्यात तहानते, ते असे. काळ्या मातीतल्या चुन्याचे मात्र युक्काला वावडे नाही.

त्यासाठी मिश्रण मोकळे हवे : एक भाग माती, दोन भाग चाळून धुतलेली जाड वाळू, एक भाग बारीक मुरूम किंवा विटांचा चुरा आणि अर्धा भाग पूर्ण कुजलेले शेणखत. मुरूम आपल्याकडे जवळच मिळतो, तोच वापरावा. कुंडी मातीची, जड आणि तळाला मोठे भोक असलेली घ्यावी. वैशाखातल्या वावटळीत हलकी प्लॅस्टिकची कुंडी उंच झाडासकट आडवी होते. शिवाय तापलेल्या गच्चीवर काळ्या प्लॅस्टिकमध्ये मुळे अक्षरशः शिजतात. कुंडी दोन विटांवर ठेवली की खालून हवा खेळते. रोपवाटिकेतून आणलेले रोप लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असेल, तर तो गोळा हलक्या हाताने मोकळा करूनच लावावे.

पाणी वार पाहून घालू नये, माती पाहून घालावे. बोट दोन पेरे आत घालावे. ओल लागली तर परत फिरावे. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास गच्चीवरच्या कुंडीला पाच-सहा दिवसांनी पाणी लागते, थंडीत दोन-तीन आठवडेही चालून जातात. घालायचे तेव्हा तळातून निथळेपर्यंत घालावे आणि ताटलीत साचलेले ओतून द्यावे. बोअरचे पाणी जड असेल तर कुंडीच्या कडांवर पांढरा थर बसतो आणि पानांची टोके करपतात. अशा वेळी पावसाचे पाणी साठवून अधूनमधून भरपूर घालावे, म्हणजे क्षार धुऊन जातात. पावसाळ्यात झड लागली की कुंडी पागोळ्यांपासून दूर, छपराखाली घ्यावी. खालची एखाद-दुसरी पाने पिवळी पडून वाळणे हे वयाचे लक्षण आहे. पण बुंधा दाबल्यावर मऊ लागला, तर मूळ कुजले असे समजावे.

सावलीत वाढलेले रोप एप्रिलमध्ये एकदम उन्हात ठेवले तर पानांवर पांढरट चट्टे पडतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत. उन्हाची सवय थंडीतच लावावी. धुळ्याकडची डिसेंबर-जानेवारीतली थंडी ती सहज सोसते. खत फारसे लागत नाही; पावसाळ्याच्या तोंडी ओंजळभर शेणखत पुरते. पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी कापूसवाल्यांच्या ओळखीचेच. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबतेल आणि थोडा साबण, एवढ्याने ते आवरतात.

फूल पाहायचे तर युक्का जमिनीत, मुरमाच्या उंचवट्यावर लावावी; कुंडीत ती क्वचितच फुलते. पांढऱ्या घंटांचा मोठा तुरा येतो. या फुलांचे परागण मूळ देशात एक लहान पतंग करतो. मादी परागांचा गोळा करून मुद्दाम फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकावर, ठेवते आणि त्याच फुलात अंडी घालते. तिच्या अळ्या काही बिया खातात, बाकीच्या झाडाला उरतात. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमान यांनी १८७२ मध्ये हा संबंध पहिल्यांदा ओळखला. तो पतंग आपल्याकडे नाही, त्यामुळे बियांची वाट पाहण्यात अर्थ नाही.

वाढ करायची ती खोडाच्या तुकड्यांनी. पोळ्यानंतर पाऊस ओसरला की धारदार करवतीने शेंडा कापावा, खालची पाने काढावीत आणि तुकडा आठवडाभर सावलीत ठेवून काप सुकू द्यावा. मग वरचे टोक वरच राहील असे पाहून वाळूत तळहाताएवढा खोल रोवावा. पहिले काही दिवस पाणी बेतानेच. खाली उरलेला बुंधा उपटू नये; महिन्या-दोन महिन्यांत कापाच्या खालून दोन-तीन नवे फुटवे निघतात.