स्वाध्यायांची संगणकीय तपासणी

विद्यार्थ्यांचे स्वाध्याय संगणकावरून जमा करून घेणे, तपासणे आणि गुण व शेऱ्यांसह परत देणे, अशी पद्धत. २०२० च्या टाळेबंदीत ती गावोगावच्या शाळांत पोचली, त्यामुळे नवी वाटते. प्रत्यक्षात अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी विद्यार्थ्यांचे प्रोग्राम तपासणाऱ्या प्रोग्रामविषयी १९६० मध्येच लेख प्रसिद्ध केला होता. तेव्हा स्वाध्याय पंचकार्डांवर येत.

आजच्या साधनांपैकी मूडल (२००२) हे मुक्त सॉफ्टवेअर आणि गूगल क्लासरूम (२०१४) सर्वपरिचित आहेत. स्वाध्याय जमा झाल्याची वेळ आपोआप नोंदली जाते, मुदत टळली की तसे दिसते, गुण थेट नोंदवहीत जातात. सोय मोठी, पण मोल तपासणीतल्या सुधारणेचे अधिक. साठ वह्यांचा गठ्ठा तपासताना पहिल्या वहीला लावलेला कस चाळिसाव्या वहीला राहत नाही, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात २०१४ साली सुरू झालेल्या ग्रेडस्कोप या साधनात एकेक प्रश्न सगळ्यांचा सलग तपासता येतो. एखाद्या चुकीचे दोन गुण कापणे जास्त झाले असे मागाहून वाटले, तर एकाच जागी बदल करायचा. आधी तपासलेल्या उत्तरांनाही तो लागू होतो. कागदावर हा न्याय करायचा तर सगळा गठ्ठा पुन्हा उपसावा लागतो.

पूर्ण स्वयंचलित तपासणी संगणकशास्त्रात चांगली रुजली. आयआयटी मुंबईत प्रा. एस. सुदर्शन यांच्या गटाने एसक्यूएल (साठवलेल्या माहितीतून हवी ती माहिती काढण्याची संगणकीय भाषा) प्रश्नांसाठी एक्सडेटा ही तपासणी प्रणाली विकसित केली. विद्यार्थी आणि त्यांनी घेतलेले विषय यांच्या नोंदी जोडताना ‘आउटर जॉइन’ (जोडी नसलेल्या नोंदीही ठेवणारी जोडणी) ऐवजी ‘इनर जॉइन’ (फक्त जुळणाऱ्या नोंदी ठेवणारी) लिहिले, तरी प्रत्येक विद्यार्थ्याने एखादा विषय घेतला असेल तर दोन्हींची उत्तरे सारखीच येतात. एकही विषय न घेतलेला विद्यार्थी माहितीत असला, की चूक उघडी पडते. अशी चूक पकडणारी माहिती एक्सडेटा स्वतः तयार करते.

प्रोग्राममधली नक्कल शोधणारी मॉस (१९९४) यासारखी साधने फक्त साम्य दाखवतात. नक्कल झाली की नाही, हे माणसानेच ठरवायचे असते.

मराठी निबंधाची तपासणी मात्र बहुधा वहीच्या फोटोवरच होते. फोटो अंधुक किंवा आडवा येतो, ऱ्हस्व-दीर्घ नीट दिसत नाही. शिवाय प्रत्येक स्वाध्याय सुटा येतो. वहीची मागची पाने उलटून तीच चूक पुन्हा झाली आहे का हे बघण्याची शिक्षकांची सवय त्यात मोडते.