ओपीडीत येणाऱ्या तान्ह्या बाळांमधले श्वसनाचे व्हायरस (गोवा)

वर्षाच्या आतलं बाळ ओपीडीत आणलं जातं ते लसीकरण सोडलं तर जास्त करून सर्दी-खोकल्यासाठी, आणि त्यामागे बहुतेक वेळा व्हायरसच असतो. तब्येत चांगली असलेल्या बाळालाही वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होऊ शकते, म्हणजे एक बरी होते तोवर दुसरी हजर, आणि घरच्यांना वाटतं की तीच महिनोन्‌महिने चाललीय.

सगळ्यात जास्त सापडतो तो रायनोव्हायरस. पण तान्ह्यांच्या बाबतीत खरा त्रासदायक आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस), दोन वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला तो एकदा तरी होऊन जातोच. याशिवाय पॅराइन्फ्लुएंझा, अ‍ॅडेनो, फ्लू, 2001 मध्ये सापडलेला एचएमपीव्ही (ह्युमन मेटान्यूमोव्हायरस), 2005 मधला बोकाव्हायरस वगैरे. पीसीआर (नाकातल्या नमुन्यात व्हायरसचा अंश शोधणारी टेस्ट) केली तर एकाच नाकात दोन-तीन व्हायरस मिळतात, आणि गंमत म्हणजे ठणठणीत बाळाच्या नाकातही मिळतात, त्यामुळे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार त्याचाच असं नाही. म्हणूनच साध्या सर्दीत ओपीडीत ही टेस्ट सहसा करत नाहीत, आणि हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झालेल्यांचे आकडे बघून एकूण प्रमाणाचा अंदाज बांधला तर तो कमीच येणार, कारण बहुतेक बाळं बांबोळीच्या जीएमसीपर्यंत (गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) जातच नाहीत, वाळपई-पेडण्याकडच्या आरोग्य केंद्रातून नाहीतर गावातल्या डॉक्टरकडूनच घरी जातात.

पावसात घरं बंद, कपडे आतच वाळत घातलेले, त्यात चवथीला मूळ घरात सगळा गोतावळा जमतो आणि शिंकणारा प्रत्येक जण बाळाला उचलून घेतो, व्हायरसला आणखी काय पाहिजे! न्हाणं झाल्यावर धुरी द्यायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे, पण चोंदलेल्या श्वासनळ्या धुराने आणखी चिडतात.

ओपीडीत कामाची गोष्ट म्हणजे श्वास मोजणं. बाळ शांत असताना झबलं वर करून पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं, रडत असेल तर मोजून उपयोग नाही. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत 50 किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ दूध ओढत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर थेट मोठं हॉस्पिटल. बाकीच्यांना अंगावरचं दूध आणि नाकात सलाईनचे थेंब बहुतेक वेळा पुरतात, अँटिबायोटिकने व्हायरस मरत नाही. क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिन हे सर्दीच्या सिरपातलं नेहमीचं कॉम्बिनेशन चार वर्षांखाली देऊ नये असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये सांगितलंय, तरी जुनी बाटली घरात असतेच.

आरएसव्हीसाठी आता गरोदरपणात आईला द्यायची लस आणि बाळाला द्यायचं निर्सेव्हिमॅब हे अँटिबॉडीचं इंजेक्शन असे दोन उपाय आलेत, दोन्हींना अमेरिकेत 2023 मध्ये मंजुरी मिळाली.