पेशीचक्र अडवणाऱ्या गोळ्या

स्तनकर्करोगावरच्या काही गोळ्या पेशीच्या विभाजनाचे चक्र अडवतात; ते कसे, हे आधी पाहू. विभाजनाआधीच्या जी-१ टप्प्यात पेशी आकाराने वाढत असते. या टप्प्याच्या अखेरीस एक नाका लागतो. तो ओलांडला की डीएनएची नक्कल सुरू होते, आणि मग बाहेरून येणारे वाढीचे संदेश थांबले तरी पेशी चक्र पुरे करूनच राहते. या नाक्यावर आरबी नावाचे प्रथिन ई२एफ या दुसऱ्या प्रथिनाला धरून बसलेले असते. ई२एफ सुटले की नकलेसाठी लागणारी जनुके चालू होतात. आरबीची ही पकड सैल करतात सीडीके-४ आणि सीडीके-६ ही विकरे, म्हणजेच एन्झाइम्स. ती आरबीवर फॉस्फेट चिकटवतात.

ही विकरे एकटी निकामी असतात. जोडीला सायक्लिन-डी लागते. सायक्लिन हे प्रथिन ब्रिटिश शास्त्रज्ञ टिम हंट यांना १९८२ मध्ये सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत सापडले. दर विभाजनाआधी ते साठत जाई आणि मग एकाएकी नाहीसे होई. यीस्टमध्ये विभाजनाची जनुके शोधणारे लेलंड हार्टवेल आणि पॉल नर्स यांच्यासह हंट यांना २००१ चे नोबेल मिळाले.

ही विकरे रोखणाऱ्या औषधाचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईशी जोडलेला आहे. हेक्स्ट कंपनीच्या तिथल्या संशोधन केंद्रात रोहिटुकिन या वनस्पतिजन्य रेणूवरून फ्लॅव्होपिरिडॉल तयार झाले. ज्या झाडांतून रोहिटुकिन मिळते, त्यांपैकी एक सह्याद्रीतही वाढते. पण हे औषध अनेक सीडीके एकदम बंद करी. त्यांतले सीडीके-९ तर जनुकांतली माहिती वाचण्यासाठी निरोगी पेशींनाही लागते. काही रक्तकर्करोगांत पेशी इतक्या झपाट्याने फुटल्या, की रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीला गेले. नेमके कोणते विकर अडवायचे, हा प्रश्न त्यामुळे कळीचा ठरला.

पॅल्बोसिक्लिब (अमेरिकेत मान्यता २०१५), रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब (दोन्ही २०१७) ही औषधे मुख्यतः सीडीके-४ आणि सीडीके-६ यांनाच अडवतात. हॉर्मोन-पॉझिटिव्ह, हर२-निगेटिव्ह (हॉर्मोनवर वाढणाऱ्या, पण हर२ हे प्रथिन जास्त नसलेल्या) स्तनकर्करोगात ती चांगली लागू पडतात, कारण तिथे इस्ट्रोजेनच सायक्लिन-डी वाढवत असते. म्हणून लेट्रोझोलसारखी हॉर्मोनविरोधी गोळी बहुधा सोबत देतात: एक गोळी सायक्लिनचा पुरवठा तोडते, दुसरी विकर बंद करते. पसरलेल्या आजारात नुसत्या लेट्रोझोलवर आजार न वाढता गेलेला मध्यक काळ (निम्म्या रुग्णांत याहून जास्त) १४.५ महिने होता, पॅल्बोसिक्लिब जोडल्यावर २४.८. आयुर्मान मात्र त्या चाचणीत ठळकपणे वाढले नाही. रायबोसिक्लिबच्या तशाच चाचणीत ते ५१.४ वरून ६३.९ महिन्यांवर गेले. माझ्या मते हा फरक रुग्णाला सांगितलाच पाहिजे.

या गोळ्या पेशीला प्रामुख्याने थांबवतात, आणि हे कळले की दुष्परिणामही उमगतात. अस्थिमज्जेतल्या रक्तपेशी घडवणाऱ्या पेशींना सीडीके-६ लागते. औषधाने त्या खोळंबतात, म्हणून पांढऱ्या पेशी, विशेषतः जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल, घटतात. केमोथेरपीत याच पेशी मरतात. इथे गोळी थांबली की त्या पुन्हा कामाला लागतात. पॅल्बोसिक्लिब म्हणूनच १२५ मिलिग्रॅम रोज, २१ दिवस घेऊन ७ दिवस बंद ठेवतात. अशा २८ दिवसांच्या पहिल्या दोन चक्रांत पहिल्या आणि पंधराव्या दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करतात. चक्राच्या सुरुवातीला न्यूट्रोफिल दर मायक्रोलिटरला १००० च्या खाली असले तर डॉक्टर गोळी थांबवतात, गरजेप्रमाणे मात्राही कमी करतात. ताप आला तर वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

रायबोसिक्लिबमुळे हृदयाच्या ठोक्यातील क्यूटी अंतर, म्हणजे एका ठोक्याच्या विद्युत हालचालीचा काळ, लांबू शकते, म्हणून सुरुवातीला आणि चौदाव्या दिवसाच्या सुमारास ईसीजी लागतो. अबेमासिक्लिब दिवसातून दोनदा, खंड न पाडता घेतात. त्याचा त्रास म्हणजे जुलाब. पहिल्याच पातळ शौचाला जुलाब थांबवणारे लोपेरामाइड सुरू करावे आणि पाणी वाढवावे.

तिन्ही औषधे यकृतातील सीवायपी३ए४ हे विकर मोडते. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध किंवा ग्रेपफ्रूट हे फळ त्याला रोखतात आणि औषध रक्तात साठते. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन नेमके उलटे करते: औषध इतक्या वेगाने निघून जाते की त्याचा परिणामच उरत नाही. आपल्याकडे क्षयरोग सर्रास आढळतो, त्यामुळे ही नोंद केसपेपरवर ठळक हवी. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

काही काळाने बहुतेक पसरलेले आजार वाट शोधतात. आरबीच गमावलेल्या पेशीला नाकाच उरत नाही, मग सीडीके-४ अडवून उपयोग शून्य. काही पेशी सायक्लिन-ई आणि सीडीके-२ ही दुसरी जोडी वापरून आरबीला बाजूला सारतात. सीडीके-२ अडवणाऱ्या औषधांच्या चाचण्या म्हणूनच सुरू झाल्या.